खिशाच्या कापडाच्या पट्ट्या

लछूदादा कांदा खात नसत. सिंधी माणूस कांद्याशिवाय जेवतो हे कुणाला खरं वाटायचं नाही. त्यांच्या घरी सून सगळ्यांसाठी कांदा घालून कोकी करायची, म्हणजे आपल्या थालीपिठासारखी जाड पोळी, आणि सासऱ्यासाठी एक वेगळी, बिनकांद्याची. तिला त्याचा कंटाळा होता. मला म्हणायची, "बाई, लोग भगवान के लिए प्याज छोड़ते हैं. हमारे ससुरजी ने नाक के लिए छोड़ा है."

खरंच नाकासाठी सोडला होता. कांदा नाही, लसूण नाही, बिडी नाही, अत्तर नाही. बायको जिवंत होती तेव्हा देवापुढे उदबत्ती लावायची, तीसुद्धा हे घराबाहेर पडल्यावर. जखमेचा वास घ्यायचा तर नाकात दुसरं काही राहता कामा नये, असं त्यांचं म्हणणं. पट्टी सोडली की ते आधी बघत नसत. चष्मा कपाळावर ढकलायचे, वाकायचे, नाक जखमेच्या वीतभर जवळ न्यायचे आणि डोळे मिटायचे. मग म्हणायचे, "ठीक है." नाहीतर काहीच म्हणायचे नाहीत. काही म्हटलं नाही की समोरचा माणूस घाबरायचा.

उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये एका डॉक्टरांच्या दवाखान्यात ते कंपाउंडर होते आणि मी आया. मी अंबरनाथहून यायचे. नवरा वारल्यावर काम धरलं तेव्हा मी पन्नाशीला टेकले होते. शिक्षण चौथी. झाडू-फडकं आणि चिमटे-कात्र्या उकळणं हे माझं काम. पहिल्या दिवशी लछूदादांनी मला तीनदा हात धुवायला लावले आणि तिन्ही वेळा हात हुंगले. परक्या बाप्यानं हात हुंगायचे म्हणजे काय! मी सरळ विचारलं, "आम्ही जयभीमवाले म्हणून हुंगता का?"

ते म्हणाले, "तू कोण आहे ते मला नको. तू सकाळी बोंबील साफ करून आली."

आणि ते खरं होतं.

त्या दिवसापासून ते मला अदी म्हणायला लागले. सिंधीत अदी म्हणजे बहीण. हौसा अदी. मी त्यांना दादा म्हणायचे. सगळेच म्हणायचे. 

डॉक्टर दहा वाजता यायचे. त्याआधी, सातपासून नऊपर्यंत, दवाखान्याचा मागचा ओटा लछूदादांचा. डॉक्टरांनी तशी मोकळीक दिली होती. धनुर्वाताची इंजेक्शनं काढून ठेवायचे, आणि हाड दिसत असेल तर मला दाखवा, एवढीच डॉक्टरांची अट. ओट्यावर येणारे सगळे बाहेरगावचे. जीन्स धुणारे युपीचे भय्ये, बदलापूरच्या नव्या इमारतींवर काम करणारे बिहारचे आणि जालना-परभणीकडचे, चामटोलीच्या बाजूच्या वीटभट्ट्यांवरचे कातकरी. हे लोक सरकारी दवाखान्यात जात नसत. तिथं रांगेत दिवस जायचा, म्हणजे कामावर खाडा. शिवाय केसपेपरवर पत्ता विचारायचे. जो कारखान्यातच कपड्यांच्या गठ्ठ्यावर झोपतो त्यानं पत्ता काय सांगायचा? मग जखम घेऊन पंधरा-पंधरा दिवस काम करायचं. जीन्स धुणाऱ्यांचे पाय तर कायम त्या निळ्या पाण्यात. पायाला चिरा, चिरांत ब्लीच, खाली पू.

लछूदादांचा पहिला प्रश्न ठरलेला होता. "क्या डाला?"

"कुछ नहीं डाला, डाक्टर साब."

"क्या डाला?"

"थोड़ी हल्दी."

"और?"

"चूना."

"और?"

माणूस इकडे तिकडे बघायचा. "मंजन."

"और?"

"मशीन का तेल. एक ही बार."

"और?"

"बस, बीड़ी की राख."

"मसाला पूरा हो गया," दादा म्हणायचे. "अब आलू कब डालेगा?"

सगळा ओटा हसायचा. तो माणूसही हसायचा, आणि तो हसत असतानाच दादांनी त्याची चिकटलेली चिंधी एका हिसक्यात ओढून काढलेली असायची. त्याला कळेपर्यंत मिठाचं पाणी ओतून झालेलं असायचं. मला ही युक्ती कधी जमली नाही. माझ्या बोलण्याला कुणी हसत नाही.

डाक्टर साब म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. "डाक्टर दस बजे आएगा. मैं धोबी हूँ. मैल निकालता हूँ, बस."

जखमेचा कागद कापायची त्यांची एक रीत होती. प्लॅस्टिकचा तुकडा स्पिरिटने पुसून जखमेवर धरायचे, वरून बॉलपेनने कड काढायचे, मग तो कागदावर ठेवून तेवढाच कागद कात्रीने कापायचे. शिलाईचे मास्तर पॅन्टचा नमुना कापतात तसा. दर आठवड्याला एक. कागदावर नाव आणि गाव लिहून भिंतीच्या खिळ्याला टोचायचे. माणसाला आपली जखम लहान होताना दिसायची. ज्यांना वाचता येत नव्हतं तेही आपला कागद बरोबर ओळखायचे. भांडायचे सुद्धा. "मेरा वाला इससे छोटा था, दादा, ये इसका है!" कुणाचा कागद लवकर लहान होतो यावर एकमेकांना चिडवायचे. बरं झाल्यावर काही जण सगळे कागद घडी करून गावी न्यायचे.

आता पट्ट्यांचं सांगते. पुढचं सगळं त्यातूनच झालं.

जीन्सच्या आतल्या खिशाला पांढरं सुती कापड लावतात. उल्हासनगरच्या शिलाई कारखान्यांत त्याच्या कातरणीचे ढीग पडतात. दवाखान्यातला गॉज डॉक्टरांच्या पेशंटसाठी. ओट्यावरच्यांसाठी दादा ही कातरण आणायचे. सुट्टीच्या दिवशी पोतं घेऊन फिरायचे, तुकडा तुकडा बघून घ्यायचे. रंगीत नको, टेरिकॉट नको, जमिनीवर तेलात पडलेलं नको. आणून सोड्याच्या पाण्यात खळ काढायची. मग उकळायचं, धुवायचं, पुन्हा उकळायचं. गच्चीवर मच्छरदाणीखाली उन्हात वाळवायचं. कोळशाच्या इस्त्रीने दोन्ही बाजूंनी दाबायचं. गुंडाळ्या करून स्टीलच्या गोल डब्यात भरायचं आणि झाकण लावायचं. दोन उकळ्या, एक ऊन, एक इस्त्री. हे मला त्यांनी पाढ्यासारखं पाठ करून घेतलं. आणि शेवटचा नियम, "ओली पट्टी डब्यात नाही. सूखी नहीं तो दुकान बंद."

पट्टी सुकली नाही म्हणून ओटा बंद ठेवलेला मी माझ्या काळात दोनदा पाहिला. रांगेतले लोक शिव्या देत परत गेले. दादांनी हात जोडले. त्यातल्या दोन वाईट जखमांना स्वतः रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात घेऊन गेले आणि केसपेपरवर आपला पत्ता लिहिला. रोज सकाळी डबा उघडला की पहिला वास ते घ्यायचे, मग डबा माझ्या नाकाखाली धरायचे. "बास आई?" मी म्हणायचे, "नाही." "फिर चल."

एकदा वीटभट्टीवरची एक कातकरीण आली. तळव्यात खिळा गेलेला, महिनाभर चिखल तुडवलेला. चिंधी सोडली तर आत किडे वळवळत होते. मी पाठ फिरवली. दादांनी टर्पेंटाइनचे थेंब टाकले, चिमटा घेतला आणि एकेक किडा वाटीत टाकत मोठ्यांदा मोजायला लागले, सिंधीत. "हिकु, ब, टे, चारि, पंज..."

ती बाई मला म्हणाली, "काय मोजतंय गो डोकरा?"

मी म्हटलं, "तुझे किडे मोजतोय."

"मोजू दे. पन माझे हायेत, वाटी मी घेनार," ती म्हणाली. दुखत होतं, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि तरी हसत होती. दादा एकतीसपर्यंत मोजत गेले. मला सिंधी आकडे येतात ते त्या दिवसापासून. ती महिनाभर येत राहिली. कागद लहान होत गेला आणि एक दिवस ती यायची बंद झाली. बरं झालं की लोक येत नसत. नाही झालं तरी येत नसत. कामाची जागा बदलली की गेले. हे दादांना लागायचं. "आधा काम दिसतो, आधा दिसत नाही," म्हणायचे.

स्वतःबद्दल ते बोलत नसत. एकदाच बोलले. मी उकळत्या पाण्यात पट्ट्या ढवळत होते. मी म्हटलं, "दादा, एका उकळीत काय होतं? उगाच दोन-दोनदा."

ते म्हणाले, "मैं आठ साल का था जब सिंध से आए. आगबोटीत. माझी बहीण पाच साल. गोपी. जहाज पे टिन से एड़ी कटी. इथं बराक में आल्यावर आईनं चुन्नी फाडून बांधली. महिनाभर न धुतलेली चुन्नी. और क्या था उसके पास?"

"मग?"

"मग काय. बास यायला लागली. सबसे पहले मुझे आई. मैं उसके बाजू में सोता था. मी कुणाला बोललो नाही. मला वाटलं, बोललो तर आई मारेल, तू तिला पळायला लावलं म्हणून."

मी पट्ट्या ढवळत राहिले. तेच म्हणाले, "पाणी उकळला. दुसरा टाक."

दोन हजार पाच सालच्या जुलैत पूर आला. वालधुनी नदीचं पाणी कारखान्यांत शिरलं. गटार, रंग, ॲसिड, मेलेली जनावरं, सगळं एका पाण्यात. लोक त्यातून मशिनी वाचवत होते. पाणी ओसरल्यावर ओट्यावर इतकी रांग मी कधी पाहिली नव्हती. पत्र्यानं कापलेले, काचेनं चिरलेले, नुसते सडलेले तळवे. दादांनी सात-आठ दिवस सकाळ-संध्याकाळ काम केलं आणि स्वतः तापानं पडले.

मी त्यांना बघायला गेले. फाळणीनंतर सिंध्यांना दिलेल्या लष्करी बराकीतल्या त्यांच्या खोलीत भिंतीला कमरेपर्यंत चिखलाची रेघ होती. ते खाटेवर पांघरूण घेऊन थरथरत होते.

"अदी, पट्ट्या?"

"उकळते रोज."

"ऊन नाही."

"नाही."

"कोळसा?"

"ओला आहे. इस्त्री तापत नाही."

"फिर बोल. काय करायचा?"

"दुकान बंद," मी म्हटलं.

"हां. डब्यात जेवढा सुका आहे तेवढा वापर. मग सबको बोल दे, सरकारी में जाओ. हात जोडून बोल. तू रागानं बोलते."

सुक्या पट्ट्या पहिल्या दिवशीच संपल्या. मी त्या संध्याकाळी दोनदा उकळून पट्ट्या दोरीवर टाकल्या. सकाळपर्यंत त्या ओलसरच होत्या. हाताला गार लागत होत्या. मी गुंडाळ्या केल्या आणि डब्यात भरल्या. ओट्यावर लोक प्लॅस्टिक डोक्यावर धरून उभे होते. मला हात जोडून सांगायचं होतं की जा. त्यांच्यातला एक म्हणाला, "अम्मा, आप ही कर दो ना. रोज तो देखती हो. आपको दादा जितना ही आता है."

खोटं कशाला बोलू, मला ते गोड लागलं. सबंध जन्मात मला कुणी तुला येतं असं म्हटलं नव्हतं. मी दादांच्या स्टुलावर बसले. "क्या डाला?" असं त्यांच्यासारखंच विचारलं. "और?" असंही विचारलं. नऊ वाजेपर्यंत मला डाक्टरनी अम्मा हे नाव पडलं होतं.

त्यात सजीवन होता. आझमगढकडचा, जीन्स धुणारा, तिशीचा. पुरात पत्र्यानं त्याची नडगी फाडली होती. दादांनी तीन कागद कापले होते त्याचे, पुराच्या गडबडीत दर दोन दिवसांनी एक. पहिला पिंपळाच्या पानाएवढा, तिसरा त्याहून बोटभर लहान. आत लाल मांस धरलं होतं. दादा त्याला एक दिवसाआड बोलवायचे. मी म्हटलं, रोज ये. रोज बांधली तर लवकर भरेल, असं मीच ठरवलं. गावी बायको वाट बघत होती, तो म्हणाला, "जल्दी ठीक कर दो अम्मा, मेहरारू बुला रही है. उसको कागज दिखाऊँगा."

पुढच्या दिवशी सकाळी मी डबा उघडला आणि वास आला. बादलीत विसरलेल्या धुण्याला येतो तसा कुबट वास. नाक जवळ न्यायला लागलं नाही. मी झाकण लावलं. समोर नऊ माणसं उभी होती, सजीवन पहिला. मला माहीत होतं काय करायचं. दुकान बंद म्हटलं असतं की मी पुन्हा झाडूवाली झाले असते. मी झाकण काढलं आणि त्या पट्ट्या नऊच्या नऊ जणांना बांधल्या. सजीवनची जखम खोल, म्हणून त्याच्या आत घडी करून दाबून बसवली.

दादा उद्यापासून येतील असा सुनेचा निरोप त्याच दिवशी आला. दुसऱ्या दिवशी मी पहाटेच येऊन उरलेल्या पट्ट्या स्टोव्हवर जाळल्या आणि डबा धुऊन पालथा घातला. दादांनी विचारलं, "पट्ट्या?" मी म्हटलं, "संपल्या."

सजीवन त्या दिवशी आला नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशी दोघांनी त्याला कपड्यांच्या हातगाडीवर घालून आणलं. गुडघ्यापर्यंत पाय फुगलेला, काळा-निळा. वास रस्त्यावरूनच येत होता. दादांनी चष्मा वर केला नाही. पोटरीवर बोट दाबलं तर कातडीखाली कुरकुर वाजलं. ते मला म्हणाले, "रिक्षा." एवढंच. उल्हासनगरच्या सरकारी दवाखान्यानं मुंबईला पाठवलं, आणि तिथं पाय मांडीपासून काढला. सजीवन जगला. महिन्यानं त्याचा मेहुणा येऊन त्याला गावी घेऊन गेला.

बाकी आठांतल्या दोघांना थोडा पू झाला, सहा जणांना काही झालं नाही. डॉक्टर नंतर म्हणाले, पुराच्या चिखलातूनही असं होतं. होत असेल. मी चौथी शिकलेली, मला ते कळत नाही. वास आला होता एवढं मला माहीत आहे.

पाय काढल्याचं कळलं त्या दिवशी धुलाईचा ठेकेदार आणि दहा-बारा माणसं दवाखान्यात आली. "बुड्ढे ने टाँग खा ली," असं ओरडत होती. ज्यांचे पाय दादांनी बरे केले होते तेही त्यात होते. डॉक्टर बाहेर आले. त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "त्या दिवशी पट्ट्या कोणी भरल्या होत्या? बांधल्या कोणी?"

मी बादली घेऊन दारात उभी होते. दादा तापानं घरी होते हे त्यांतल्या निम्म्यांना ठाऊक होतं. अम्माने बांधली असं त्यांतलं कुणीही म्हणालं असतं. कुणी म्हणायच्या आत दादा म्हणाले, "मी. डिब्बा माझा, ओटा माझा. अदी को मैंने बोला वैसा उसने किया."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

ओटा त्याच दिवशी बंद झाला. डॉक्टर चांगल्या शब्दांत बोलले, दादा, वय झालं, आता आराम करा. दादांनी आपली कात्री कागदात गुंडाळली, खिळ्याचे कागद काढून पिशवीत भरले आणि गेले. मी त्या दवाखान्यात आणखी तीन वर्षं काम केलं. डॉक्टर माझ्या हाताला स्वच्छ म्हणायचे.

दोन आठवड्यांनी मी त्यांच्याकडे गेले. सांगायला गेले होते. सुनेनं चहा दिला आणि भांडी घासायला बाहेर गेली. दादा खाटेवर बसले होते. सगळे कागद समोर मांडलेले.

मी म्हटलं, "दादा, माझं नाव का नाही घेतलं?"

"घेतला असता तर तुला काढला असता. त्याचा पाय आला असता?"

मग त्यांनी मला विचारलं. रागानं नाही. कामाचं विचारतात तसं.

"अदी, खरं बोल. दोन उकळ्या दिल्या?"

"दिल्या." हे खरं होतं.

"सुकवल्या?"

"सुकवल्या."

"कशा? ऊन नव्हता."

"तव्यावर. घरी नेऊन तव्यावर सुकवल्या."

"आणि डबा उघडला तेव्हा बास आली?"

ते माझ्याकडे बघत होते. तोंड उघडायची हीच वेळ होती. मी त्यासाठीच आले होते. मी म्हटलं, "नाही दादा. काही वास नव्हता."

त्यांनी मान हलवली. मला वाटलं, सुटले. मग ते म्हणाले, "मतलब सुका होता, उकळलेला होता, बास नव्हती. तरी पाय गेला." त्यांनी समोरच्या कागदांवर हात फिरवला. "फिर तो कपड़ा ही खोटा है, अदी. नाक पण खोटी. कितने साल से बाँध रहा हूँ मैं ये."

मी चहा संपवला, कप विसळून ठेवला आणि अंबरनाथला आले.

लोकांची आठवण फार दिवस टिकत नाही. दोन-तीन महिन्यांत काही मजूर पुन्हा त्यांच्या खोलीवर जायला लागले, जखम बांधा म्हणून. दादांनी एकालाही हात लावला नाही. दारातूनच सांगायचे, "सरकारी में जा." पत्त्याची अडचण सांगितली तर आपला पत्ता चिठ्ठीवर लिहून द्यायचे. सूनबाई मला बाजारात भेटली तेव्हा म्हणाली, "अब तो प्याज भी खाते हैं. मैंने सोचा था मेरा काम कम होगा. पर अच्छा नहीं लगता, बाई."

आणि मग तिनंच सांगितलं की ते दिवसभर फिरतात. पिशवीत कागद घेऊन. कागदावर नाव आणि गाव होतं, त्यावरून माणसं शोधतात. आज शहाडला, उद्या अंबरनाथला, परवा भट्ट्यांवर. ज्यांना आपण पट्टी बांधली त्यांचे पाय बघायला. बरे झाले का, की कुणाचा आणखी गेला. अशी माणसं कुठं सापडतात? कुणी सुरतला, कुणी भिवंडीला, कुणी गावी, कुणाचं नावच खोटं. ठेकेदार हाकलून द्यायचे. एका इमारतीवर वॉचमननं धक्का दिला तर पडून मनगट सुजलं होतं. मुलगा ओरडला, सून रडली, तरी दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन बाहेर.

मी हे ऐकलं आणि भाजी घेऊन घरी आले. जाऊन सांगायला मला एक वाक्य लागलं असतं. वास आला होता, दादा, मी लपवलं. एवढंच. मी अंबरनाथहून रोज त्यांच्या बराकीच्या वळणावरून दवाखान्यात जायचे. सकाळी जायचे, दुपारी यायचे. दोन वर्षं गेले-आले.

ते गेले थंडीत, झोपेत. मला दोन दिवसांनी कळलं. त्याच्या महिनाभर आधी मी त्यांना शेवटचं पाहिलं, बदलापूरला.

माझी भाची तिकडे नव्या वस्तीत राहते. तिच्याकडून परत येताना एका अर्धवट इमारतीसमोर मला ते दिसले. वाळूच्या ढिगाशेजारी उकिडवे बसले होते. खूप वाळले होते. एक गवंडी ढिगावर बसून भाकरी खात होता आणि त्याचा एक पाय दादांच्या मांडीवर होता. दादा त्याच्या घोट्यावरचा जुना वण अंगठ्यानं दाबून बघत होते. गवंडी जालन्याकडचा असावा. म्हणत होता, "बरा झालाय हो बाबा, कवाच बरा झालाय. दुखत न्हाई. सोडा आता, लोक बघायलेत."

दादांनी मला पाहिलं आणि उठायला लागले. उठवेना. मी हात दिला. त्यांचा हात हलका होता, गरम होता.

"अदी! हा बघ. हा ठीक आहे. एकदम ठीक." लहान मुलासारखे खूश झाले होते. "दो साल में उन्नीस मिले. उन्नीस के उन्नीस ठीक. पण बाकी दिसत नाहीत ना. बाकी मेले असतील का, अदी?"

"नाही हो दादा," मी म्हटलं. "कशाला मरतील."

"तुला काय माहीत?"

मला माहीत होतं. पट्ट्यांत खोट नव्हती आणि त्यांच्या नाकात नव्हती, हे जगात फक्त मला माहीत होतं. मी त्यांच्या पाठीवरची वाळू झटकली.

ते पिशवीत कागद चाळत होते. "पुढच्या इमारतीत तीन असतील. बिहारवाले. नाव आहे, पण चेहरा याद नाही मला. तुला चेहरे याद राहतात, अदी. तू चल ना. अर्धा घंटा. तू ओळखशील."

मी म्हटलं, "मला काम आहे, दादा."

"हां हां, काम बघ," ते म्हणाले. आणि पिशवी छातीशी धरून, उघड्या गटारावरच्या फळीवरून जपून पाय टाकत, पलीकडच्या इमारतीकडे गेले. मी ते दिसेनासे होईपर्यंत तिथं उभी होते.

त्या दिवशी मला काहीही काम नव्हतं.